गोळी मी बंद केली

सईचे डोळे पहिल्यांदा सुजले तेव्हा ती साडेचार वर्षांची होती. सकाळी उठली तर पापण्या फुगलेल्या, दुपारपर्यंत पुन्हा नेहमीसारख्या. चंदनसारला आमच्या इमारतीमागे मोकळं रान आहे, डास भरपूर. मला वाटलं, डास चावला असेल. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनाही ॲलर्जी वाटली. त्यांनी सिरप दिलं, ते मी सात दिवस पाजलं.

आठव्या दिवशी शाळेतून आल्यावर तिचे मोजे काढले. पायावर मोज्याच्या कडेचा वळ उमटला होता, बोट ठेवलं तर खड्डा पडत होता. मी त्याच शाळेत बालवाडीला शिकवत होते. रोज पंचवीस मुलांचे मोजे-बूट बघणारी बाई, पण स्वतःच्या मुलीचे पाय आठ दिवस दिसले नव्हते.

वसईला मुलांच्या किडनीच्या डॉक्टर मॅडम बसतात, त्यांच्याकडे गेले. त्यांनी विचारलं, "लघवीला फेस येतो का?" मी कधी पाहिलं नव्हतं. तपासणी झाली. मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "हिच्या किडनीतून प्रोटीन गळतंय. लहान मुलांमध्ये होतं हे. बहुतेक मुलं औषधाने सुधारतात. पण हा आजार पुन्हापुन्हा येऊ शकतो. काही वर्षं लागतील, तुम्हाला धीर धरावा लागेल."

काही वर्षं. मी त्या खोलीतून बाहेर आले आणि बाकड्यावर बसले. सई शेजारी बसून बिस्किटाचा पुडा वाचत होती, म्हणजे अक्षरं ओळखत होती. मला कोणाला तरी फोन करायचा होता. पण कोणाला, ते सुचेना. माझा नवरा संदीप मालवाहू जहाजावर फिटर आहे, तेव्हा त्यांचं जहाज भर समुद्रात होतं, फोन लागायचा नाही. आई दोन वर्षांपूर्वी गेली होती. नणंद ज्योतीताई भाईंदरला, पण त्यांना सांगितलं की सगळ्या घराला कळणार आणि आधी संदीपला सांगायला हवं होतं. म्हणून तीन दिवस मी कोणालाच सांगितलं नाही. तीन दिवस मी मुलीला गोळ्या देत होते, बिनमिठाची भाजी करत होते आणि घरात त्याबद्दल बोलायला कोणी नव्हतं.

चौथ्या दिवशी संदीपचा फोन आला. आवाज तुटत होता. मी सांगितलं. त्यांनी मला दोनदा पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाले, "मी येऊ का?" येणं शक्य नव्हतं, ते दोघांनाही माहीत होतं. मी म्हटलं, "नको, मी बघते."

पट्टी

त्यानंतरचे दिवस सगळे सारखे होते. सकाळी सईची पहिली लघवी एका कपात घ्यायची, त्यात तपासणीची पट्टी बुडवायची, मिनिटभर थांबायचं. पट्टी पिवळी राहिली तर चांगलं. हिरवी झाली तर वाईट, आणि जितकी गडद हिरवी तितकं जास्त वाईट. मॅडमनी वही करायला सांगितली होती. तारीख, वजन, पट्टीचा रंग. पहिले बारा दिवस वहीत फक्त 'हिरवा, हिरवा' असंच आहे. तेराव्या दिवशी पट्टी फिकट झाली. सोळाव्या दिवशी पिवळी.

सूज उतरली, पण गोळीने दुसरं काहीतरी सुरू केलं. सईचे गाल गोल होत गेले, पोट पुढे आलं, कपाळावर लव दिसू लागली. तिला सतत भूक लागायची. जेवून ताट धुवायला टाकलं की ती पुन्हा स्वयंपाकघराच्या दारात. नाही म्हटलं की वस्तू फेकायची, मला चावायची. पूर्वी ती अशी नव्हती. एकदा कपाटाच्या आरशासमोर उभी राहून तिने दोन्ही गाल धरले आणि म्हणाली, "आई, हे माझे गाल नाहीत."

इतर मुलांपासून तिला लांब ठेवायला सांगितलं होतं, संसर्ग नको म्हणून. शाळा बंद, माझी नोकरीही बंद. संध्याकाळी खाली मुलं खेळायची, ती गॅलरीच्या गजांत तोंड खुपसून बघायची. सुरुवातीला मुलं खालून हाक मारायची. मग एकाने 'जाडी' म्हटलं, बाकीचे हसले. नंतर हाका थांबल्या. शेजारणी दारात येऊन "कशी आहे?" विचारायच्या, पण आत यायच्या नाहीत. मीच सांगितलं होतं की येऊ नका. तरी त्या येत नाहीत याचं वाईट वाटायचं. दिवसाकाठी मी मोठ्या माणसाशी दहा वाक्यंसुद्धा बोलत नसेन. कधीकधी दूधवाल्याशी मुद्दाम काहीतरी काढून बोलायचे.

जूचंद्रला

शाळेत ललिता नावाची मदतनीस होती. एवढ्या सगळ्यांत तीच आठवड्यातून एकदा यायची, दाराबाहेर चप्पल काढून, हात धुऊन बसायची. ती जूचंद्रची. एके दिवशी म्हणाली, "मॅडम, आमच्या गावात सोनूबाय आहे. पोरांना झाडपाल्याचं देते. सुजेवर तिच्याकडे काढा आहे. माझ्या भाच्याला दिलेला. येता का?"

मला यात नवीन काही वाटलं नाही. सई तान्ही असताना माझ्या आईने तिला गुटी दिली होती. मुरुडशेंग, वेखंड, हळकुंड सहाणेवर उगाळायची, प्रत्येकाचे वेढे मोजायची, एक जास्त झाला तर पुसून टाकायची. खोकला झाला की अडुळशाची पानं. पोट फुगलं की बेंबीभोवती हिंगाचं पाणी. आई गेल्यावर त्या डब्याला मी हात लावला नाही, पण विश्वास गेला नव्हता. खरं सांगायचं तर मला औषधापेक्षा कोणीतरी मोठं बाईमाणूस हवं होतं, जे सईला मांडीवर घेईल आणि मला सांगेल की असं कर, तसं कर.

सोनूबाय साठीच्या पुढची, ठेंगणी, घट्ट काष्ट्याचं लुगडं. तिच्या दारात रांगोळी होती, रांगोळी मोडू नये म्हणून आम्ही बाजूने आत गेलो. तिने सईला घाईने हात लावला नाही. आधी तिला वालाच्या शेंगा सोलायला दिल्या, मग बोलत बोलत डोळे पाहिले, पाय पाहिले.

"डोले कवापासून सुजतात?"

मी सगळं सांगितलं. गोळ्यांचं नाव दाखवलं, वही दाखवली. तिला वाचता येत नव्हतं, पण हिरवा-पिवळा मी समजावल्यावर तिने मान डोलावली.

"आता सूज नाय हिला," ती म्हणाली. "गोलीनं उतरलीय. मंग माझ्याकडं कशाला आलीस?"

"परत येऊ नये म्हणून."

तिने पुन्हा एकदा सईच्या पायावर बोट दाबून पाहिलं. मग परसात जाऊन घेटुळी घेऊन आली. जमिनीवर पसरणारी, लालसर देठांची ती वेल मी आमच्या इमारतीच्या कुंपणाशी कितीदा पाहिली होती. तिने आणखी दोन मुळ्या त्यात घातल्या, काढा कसा करायचा ते सांगितलं. आणि माझ्या मनगटाला धरून म्हणाली, "आयक बाय. डाक्टरची गोली बंद करू नको. मी देते ते वरचं हाय. आनि डाक्टरला सांगून दे. लपवून नको."

मी म्हटलं, "हो."

नऊ दिवस

मी मॅडमना सांगितलं नाही. त्या रागावतील असं वाटलं. आणि काढा सुरू केल्यावर चौथ्या दिवशी मी गोळी अर्धी केली. सातव्या दिवशी बंद केली.

असं का केलं, याचं मी खूप वेळा उत्तर शोधलंय. त्या आठवड्यात सईने भुकेपोटी कचऱ्याच्या डब्यातून पोळीचा तुकडा काढून खाल्ला होता. मी तिला मारलं होतं, आयुष्यात पहिल्यांदा. मग तिला जवळ घेऊन बसले आणि तिचा फुगलेला चेहरा बघून ठरवलं की या गोळ्या माझ्या मुलीला माझ्यापासून नेत आहेत. पट्टी पिवळी होती. काढा कडू होता, तरी ती तो मुकाट्याने प्यायची. मला वाटलं, हेच पुरे आहे. मला कोणी अडवलं नाही, कारण अडवायला घरात कोणी नव्हतं. संदीपचा फोन आला तेव्हा म्हटलं, "गोळ्या चालू आहेत."

पहिले पाच दिवस पट्टी पिवळीच राहिली. तो आनंदही एकटीचाच होता.

सहाव्या दिवशी हिरवी. मी दुसऱ्या पाकिटातली पट्टी काढली, तीही हिरवी. वहीत 'पिवळा' लिहिलं. घरात वही बघणारं दुसरं कोणी नव्हतं, तरी खोटं लिहिलं. नवव्या दिवशी सकाळी सईला ताप भरला, उलट्या सुरू झाल्या. पोट कडक झालं होतं, हात लावू देत नव्हती. तिचे डोळे इतके सुजले होते की उघडत नव्हते. ती म्हणाली, "आई, लाईट लाव." बाहेर लख्ख ऊन होतं.

हॉस्पिटल

वसईच्या हॉस्पिटलात तिला लगेच दाखल केलं. पोटात संसर्ग झाला होता. सुया टोचल्या, सलाईन लागलं, रक्तदाब उतरत होता. मॅडम धावत आल्या. पहिलाच प्रश्न, "गोळ्या नियमित चालू होत्या ना?"

"हो," मी म्हटलं.

मी फोन केल्यावर ज्योतीताई भाईंदरहून आल्या. दुपारी मॅडमनी पुन्हा विचारलं, पुन्हा मी हो म्हटलं. त्यांनी वही पाहिली, मग सईकडे पाहिलं. मला बाजूच्या खोलीत नेलं, दार लावून घेतलं आणि स्टूल ओढून माझ्यासमोर बसल्या.

"हे बघा, मी तुमच्यावर ओरडणार नाहीये. पण ही वही आणि ही मुलगी जुळत नाहीये. अचानक गोळी थांबली असेल तर मला दुसरं औषध तातडीने द्यावं लागतं. काही दिलंय का वेगळं? काही थांबवलंय का?"

मी आधी काढ्याचं सांगितलं. ते सांगणं सोपं होतं. मग म्हटलं, "गोळी नऊ दिवस नाही दिली. त्याआधी तीन दिवस अर्धीच दिली."

त्या उठल्या, दारातूनच नर्सला इंजेक्शन सांगितलं, मग वळून म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं केलंत. आता काढ्यात काय काय होतं ते हवंय मला. नुसतं नाव नको, झाड हवं."

ललिताला फोन केला. दोन तासांत सोनूबाय स्वतः आली. ओल्या फडक्यात तिन्ही वनस्पती मुळांसकट गुंडाळून आणल्या होत्या. मॅडमनी फोटो काढले, कोणाला तरी पाठवले. सोनूबायला विचारलं, किती, कशात, किती वेळ उकळायला सांगितलं. सोनूबाय एकेक मूळ हातात घेऊन सांगत होती.

सोनूबाय बाहेर आली तेव्हा ज्योतीताई बाकावर माझ्या शेजारी होत्या. काढ्याचं त्यांना तोवर कळलं होतं. त्यांनी मला विचारलं, "गोळ्या बंद करायला हिनेच सांगितलं?"

मी मान हलवली. हो म्हणून.

मग ज्योतीताई उठल्या. त्या सगळ्यांसमोर सोनूबायला काय काय बोलल्या, ते मी इथे लिहीत नाही. लोक थांबून बघत होते. सोनूबायने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या फायलीचे कागद सरळ करत बसले. ती ज्योतीताईंना काहीच बोलली नाही. मला एवढंच विचारलं, "पोर बोलते का?"

मी नाही म्हटलं. ती जिन्याने खाली गेली.

पुढचे दिवस

सई अकरा दिवस हॉस्पिटलात होती. पहिले तीन दिवस कशाचीच खात्री नव्हती. चौथ्या दिवशी तिने ओठ हलवले, पाणी मागितलं. वॉर्डात साफसफाई करणाऱ्या एक मावशी होत्या. त्या रोज लादी पुसताना सईच्या पलंगाखाली मुद्दाम जास्त वेळ घालवायच्या आणि खालून मांजराचा आवाज काढायच्या. सहाव्या दिवशी सई हसली. त्या मावशींना मी एकदाही नाव विचारलं नाही. आता वाटतं, विचारायला हवं होतं.

एका संध्याकाळी मॅडमना मी विचारलं, काढ्याने झालं का हे? त्या म्हणाल्या, "काढ्याने नुकसान केलं का, मला सांगता येणार नाही. या आजारात त्याचा उपयोग होतो असंही मी म्हणणार नाही. पण संकट आलं ते गोळी थांबवल्यामुळे. एवढं नक्की."

घरी आलो. गोळ्या पुन्हा पहिल्यापासून. मधल्या काळात ज्योतीताईंनी नातेवाइकांच्या ग्रुपवर आणि एका शेजारणीकडून आमच्या इमारतीच्या ग्रुपवर मेसेज टाकला होता. जूचंद्रच्या एका बाईने डॉक्टरी औषध बंद करायला लावलं, आमची मुलगी मरता मरता वाचली, सावध राहा. तो मेसेज पुढे पुढे गेला. शेजारणी मला धीर द्यायला आल्या. "तुझी काय चूक, तू तर आई." मी त्यांना चहा दिला आणि ऐकत बसले.

ललिता यायची बंद झाली. आजारपणातला एकटेपणा मी सोसत होते, त्याची सवयही झाली होती. पण हा दुसरा एकटेपणा मी स्वतः आणला होता. लोक माझ्याशी गोड बोलत होते, पण ते बोलत होते मी जी नव्हतेच त्या बाईशी. त्यामुळे माणसं वाढली तसं मला जास्तच एकटं वाटू लागलं.

संदीप तीन महिन्यांनी आले. सईला पाहून दारातच बसले. ते येऊन आठ दिवस झाल्यावर, एका सकाळी पट्टीचा रंग बघत आम्ही दोघं बाथरूमच्या दारात उभे होतो, तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "फोनवर तू चालू आहेत म्हणालीस." मी म्हटलं, "हो." त्या दिवशी ते माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मला राग तू बंद केलीस याचा नाही गं. मला विचारलं नाहीस, याचा आहे. पण विचारायला मी होतो कुठे?"

ताईंना सांगायची मात्र हिंमत झाली नाही. संदीपही म्हणाले, झालं ते झालं. आणि मी त्यात सोय पाहिली.

दोन वर्षांनी

आजार दोनदा परतला, दोन्ही वेळा वेळेवर कळला. हळूहळू गोळ्या कमी होत गेल्या. मागच्या वर्षी थांबल्या, या वेळी मॅडमनी थांबवल्या. सई आता सात वर्षांची आहे, गाल तिचे तिला परत मिळालेत, दुसरीत जाते.

मी शाळेत पुन्हा रुजू झाले तेव्हा ललिता भेटली. तिने नमस्कार केला आणि कामाला लागली. मीच तिच्यामागे गेले, सोनूबाय कशी आहे विचारलं. ती पाण्याचे जग भरत होती. म्हणाली, "बरी आहे. पोरांना काही देत नाही आता. कोणी येतही नाही. गावातल्या ग्रुपवर पण आला होता ना तो मेसेज."

त्या दुपारी मी आधी ज्योतीताईंना फोन केला. मग दोन्ही ग्रुपवर लिहिलं. लिहायला चार ओळी लागल्या, सहा वेळा खोडल्या. गोळी सोनूबायने बंद करायला सांगितली नव्हती, उलट बजावलं होतं, बंद मी केली, आणि नंतर खोटं मी बोलले. बऱ्याच जणांनी वाचलं. उत्तर कोणी दिलं नाही. ताई फोनवर फक्त एवढंच म्हणाल्या, "मी त्या बाईला काय काय बोलले गं."

रविवारी सईला घेऊन जूचंद्रला गेले. सोनूबाय ओट्यावर सुपात तांदूळ निवडत होती. आधीपेक्षा वाळली होती. मी उभी राहूनच बोलायला सुरुवात केली, नाहीतर राहिलं असतं. तिने ऐकून घेतलं.

"मला म्हाईत व्हतं," ती म्हणाली.

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुझी पोर आत पडलेली. तवा मी तुझ्याशी भांडू?" ती सुपातले खडे वेचत राहिली. "पन नंतर वाटलं व्हतं, येशील. पह्यले सा म्हैने वाटायचं."

 मी ग्रुपवर लिहिल्याचं सांगितलं. तिने मान हलवली, पण तिला त्याने फार फरक पडलेला दिसला नाही. पोरांना पुन्हा देणार का, विचारलं. "नाय. आता हात कापतो. मेलं एखादं पोर तर?"

एवढ्यात एक तरुण बाई कडेवर बाळ घेऊन अंगणात आली. नवी राहायला आलेली असावी, तिला मागचं काही माहीत नव्हतं. बाळाला खोकला होता, अडुळसा हवा होता. सोनूबायने बाळाचं झबलं वर केलं. श्वासागणिक त्याच्या बरगड्यांमध्ये खळगे पडत होते. तिने झबलं खाली केलं.

"दवाखान्यात ने. आत्ता."

"नेलं होतं काकी. डॉक्टरने औषध दिलंय, पाच दिवसांचं. दोन दिवस दिलं, काही फरक नाही. बाळ किरकिर करायला लागलं म्हणून मीच बंद केलं."

सोनूबायने माझ्याकडे पाहिलं. "हिला सांग," ती म्हणाली.

ग्रुपवर लिहिणं वेगळं होतं. तिथे कोणाचा चेहरा दिसत नव्हता. इथे ती बाई समोर उभी होती, बाळाच्या पाठीवर थापटत. मी तिला सगळं सांगितलं, वहीत खोटं लिहिलं तेही. तिने मला दोष दिला नाही. एवढंच विचारलं, "मग तुमची मुलगी?"

मी अंगणात बोट दाखवलं. सई कोंबडीच्या मागे धावत होती.

त्या बाईने बाळाला कडेवर सावरून घेतलं आणि निघाली. मी तिच्यासोबत नाक्यापर्यंत गेले, रिक्षा थांबवली, तिला आत बसवलं. तिने बाळाचं डोकं पदराखाली घेतलं आणि रिक्षावाल्याला दवाखान्याचं नाव सांगितलं.

परत आले तर सोनूबायने सूप बाजूला ठेवलं होतं. ती उठून आत जात होती, गुडघ्यावर हात टेकून, हळू. दारात थांबली.

"बस आता," ती म्हणाली. "चाय ठेवते."